घरच्या संगणकावर गाणं, पेटी, तबला रेकॉर्ड करताना: आपल्या संगीताला काय काय लागतं?

खर्ज (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

"घरी गाणं रेकॉर्ड करायचंय, कुठला माईक घेऊ?" हा प्रश्न इथे वरचेवर येतो. चार माईकची नावं पडतात आणि धागा थंडावतो. नेटवरचे बहुतेक सल्ले गिटार, कीबोर्ड आणि गळा यांच्यापुरते असतात. ते खोटे नाहीत, पण त्यांत तानपुरा नसतो, डग्ग्याचा घुमारा नसतो, मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत जाणारा आलाप नसतो. हे सगळं आलं की त्यातले निम्मे सल्ले बदलावे लागतात. म्हणून हा वेगळा धागा.

साधनांबद्दल थोडक्यात. संगणक गेल्या सात-आठ वर्षांतला कुठलाही चालतो. सुरुवातीला फुकटातलं ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरतं. चार-पाच ट्रॅकवर नेटाने काम करायचं असेल तर रीपर ६० दिवस वापरून बघा, मॅकवाल्यांना गॅरेजबँड आहेच. दोन माईक लावता येतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईक संगणकाला जोडणारी डबी), एक कंडेन्सर माईक (त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यावी लागते) आणि कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, समेची जागा हुकते. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) ठेवा; एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी जागा लागते, आजकाल ती काहीच नाही.

गेन (माईकच्या आवाजाची पातळी) लावताना मंडळी सहज "हॅलो, हॅलो" म्हणतात आणि मग अंतऱ्याला तार षड्जावर आवाज फाटतो. बंदिशीतली सगळ्यात चढी, खुली जागा पूर्ण जोराने गा आणि तिथे मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. मंद्रातले स्वर मग पडद्यावर बारीक दिसतील. दिसू द्या. २४ बिटमध्ये खालचा आवाज नंतर वर आणता येतो, पण फाटलेला तार सा कुठलंही सॉफ्टवेअर सांधून देत नाही.

आता खोली. माझ्या मते पैसे माईकवर घालण्याआधी खोलीकडे बघावं. आपल्या घरांत फरशी, काँक्रीटच्या भिंती, काचेच्या खिडक्या. गळ्यातला आवाज एकदा सरळ माईकमध्ये जातो आणि दहा-पंधरा मिलिसेकंदांनी भिंतीवरून आपटून परत येतो. या दोन्हींच्या मिसळण्याने आवाजाला तो बाथरूमसारखा पोकळपणा येतो. अंड्यांचे ट्रे लावून काही होत नाही, पातळ फोमने फक्त वरचा चुरचुरीतपणा मरतो आणि खालची घूं तशीच राहते. जाडी लागते. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन गोधड्या किंवा उभी केलेली कापसाची गादी, खाली सतरंजी, समोर कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, एवढ्यात खोली पुष्कळ सुधारते. माईक तोंडापासून एक वीत, नाकाच्या उंचीवर आणि थोडा तिरका. म्हणजे भ, फ, प या अक्षरांचा फुंकारा सरळ त्यावर आदळत नाही. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि खोलीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो, हे डोक्यात ठेवलं की माईक कुठे ठेवायचा ते आपसूक कळायला लागतं.

आणि ज्यासाठी हा धागा काढला ते: तानपुरा आधी. ज्या स्वरात गाणार आहात तो पक्का करा, काळी एक की पांढरी दोन की काळी चार (ही पेटीच्या पट्ट्यांची नावं), आणि गाण्याच्या पूर्ण लांबीहून दोन मिनिटं जास्त असा तानपुऱ्याचा स्वतंत्र ट्रॅक पहिल्यांदा टाका. पेटी त्याला लावून, तबला त्याला मिळवून, गाणं त्यावर. तानपुरा नंतर "मागे भरायला" घालायची गोष्ट नाही. आधी पेटीवर गाऊन घेतलं आणि मग तानपुरा चिकटवला की काय होतं ते पेटीवाले सांगतीलच.

---

सवडीने

उत्तम विषय. वाचनखूण साठवली आहे, शनिवारी नीट वाचून प्रश्न विचारते.

---

काळी_पाच

खर्जदादा, फार गरजेचा धागा. मी भावगीतं आणि नाट्यगीतं गाते. लॅपटॉपचाच माईक आहे, शेजारी मोबाईलवर तानपुऱ्याचं अॅप लावते. रेकॉर्डिंग ऐकलं तर सुरुवातीला दोन-तीन सेकंद तानपुरा छान ऐकू येतो, मग विरून जातो आणि मी गायला लागले की अर्धवट परत येतो. माझा आवाजही लांब न्यासावर कापल्यासारखा होतो. लॅपटॉप बिघडलाय का?

---

खर्ज

ताई, लॅपटॉप ठणठणीत आहे. हा गोंगाट कमी करणाऱ्या सोयीचा परिणाम आहे. ही सोय बोलण्यासाठी बनवलेली असते: जे सतत, एकसारखं वाजतंय ते पंखा किंवा एसी समजायचं आणि पुसून टाकायचं. तानपुरा तर सतत आणि एकसारखाच वाजतो! लांब लावलेला षड्जही तिला तसाच वाटतो.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माईकच्या पानावर जाऊन "ऑडिओ एन्हान्समेंट्स" बंद करा. काही लॅपटॉपमध्ये कंपनीचं वेगळं अॅप असतं, त्यातही नॉइज सप्रेशन किंवा नॉइज कॅन्सलेशन असेल तर बंद करा. ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांनाही हेच लागू. झूममध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू केल्याशिवाय गुरूंना तुमचा तानपुरा ऐकूच जात नाही.

अॅपमधला तानपुरा शक्यतो हवेतून रेकॉर्ड करू नका. केबलने इंटरफेसमध्ये घ्या, किंवा फाइल बनवता येत असेल तर ती सरळ ट्रॅकवर ठेवा. गाताना तो हेडफोनमध्ये ऐका. दोन्ही कान झाकून गायलं की स्वतःचा सूर कळत नाही, हे बहुतेक गाणाऱ्यांचं होतं. मग एक कान उघडा ठेवा, पण सगळा आवाज झाकलेल्या कानाकडे वळवा. नाहीतर उघड्या बाजूचा हेडफोन गालाशी वाजत राहतो आणि ते सगळं माईकमध्ये उतरतं.

---

काळी_पाच

एन्हान्समेंट्स बंद केलं. तानपुरा शेवटपर्यंत राहिला! मनापासून आभार.

---

मिरजकर

खऱ्या तानपुऱ्याबद्दल लिहितो. आमच्या गावच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरात वाद्य आहे त्यांनी अॅपवर भागवू नये ही विनंती.

माईक भोपळ्यासमोर लावू नका, नुसती घूं येते. घोडीच्या समोर, हातभर अंतरावर ठेवा आणि थोडा थोडा वरखाली सरकवून बघा. जवारी (तारेचा झणझणता नाद) जिथे उघडी ऐकू येते ती जागा खडूने खुणेला ठेवा. तारेखालचा दोरा घोडीवर केसभर सरकला तरी माईकला मोठा फरक जाणवतो. बैठकीत गोड वाटणारी जवारी माईकवर कधीकधी पत्र्यासारखी लागते, तेव्हा दोरा किंचित हलवून थोडी बंद करून घ्यावी.

आणखी एक. "गाण्याच्या प्रत्येक ट्रॅकला ८० हर्ट्झखाली कात्री लावा" (म्हणजे त्याखालचे खोल आवाज गाळा) असा सल्ला सगळीकडे असतो. पुरुषाचा सूर काळी एक असेल तर मधल्या जोडीच्या तारा साधारण १३८.६ हर्ट्झ आणि खर्जाची तार ६९.३. म्हणजे कात्री नेमकी खर्जावर. तानपुऱ्याला लावायचीच असेल तर ४० च्या आसपास लावा.

---

डग्गेवाला

मिरजकरांना अनुमोदन. तीच कात्री डग्ग्याचाही जीव घेते. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखालीच असतो.

तबल्यासाठी एकच माईक असेल तर दोन्हींच्या मधोमध, दीड फूट वर, तोंड किंचित तबल्याकडे. डग्गा आपोआप पुरेसा येतो. दोन माईक असतील तर तबल्यावरचा चाटेवर (कडेच्या पट्टीवर) रोखू नका, "ना" टोचायला लागतो. शाईच्या (काळ्या गोलाच्या) कडेपासून मैदानाकडे (शाई आणि चाट यांच्या मधल्या भागाकडे) रोखा. डग्ग्यावरचा मनगटाच्या वाटेपासून लांब हवा, नाहीतर मींड काढताना हाताची घसट ऐकू येते. दोन्ही लावून झाले की एका ट्रॅकचं फेजचं बटण (गोलावर तिरपी रेघ असते ते) दाबून, सोडून ऐका. ज्यात डग्गा भरीव वाटेल ते ठेवा. दोन माईकमध्ये आलेले डग्ग्याचे आवाज कधीकधी एकमेकांना खाऊन टाकतात, त्यावर हा सोपा उपाय.

हवामान सगळ्यात त्रास देतं. पावसाळ्यात तबला उतरतो, एसी लावला की चढतो. रेकॉर्डिंगसाठी एसी बंद करायचा असेल तर अर्धा तास आधी बंद करा, खोली स्थिर होऊ द्या, मग हातोडी घ्या. प्रत्येक टेकच्या आधी तानपुऱ्याच्या ट्रॅकशी मिळवून बघा. पहिला टेक आणि चौथा टेक जोडायचा झाला आणि तबला मधल्या वेळात पाव स्वर उतरलेला असला, तर तो जोड कुठल्याही श्रोत्याला कळतो.

---

बीट_नाशिक

चांगली चर्चा. मी अभंग आणि भक्तिगीतांचं संगीत संयोजन करतो. माझं मत थोडं वेगळं आहे. घरी रेकॉर्ड करणाऱ्याने आधी क्लिक (लयीचे यांत्रिक ठोके) लावावी. तबलजी एका गावात, बासरीवाला दुसऱ्या गावात, गायिका तिसरीकडे. सगळ्यांना धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे. क्लिकवर वाजवलेला ठेका कापता येतो, दुसऱ्या कडव्याला तोच वापरता येतो. तानपुरा सूर सांभाळेल, लय कोण सांभाळणार?

---

डग्गेवाला

लय गाणारा आणि तबलजी मिळून सांभाळतात, शेकडो वर्षं तसंच चाललंय. कापून चिकटवलेला भजनी ठेका आणि अभंगाबरोबर वाजवलेला भजनी ठेका यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गाणारा शब्दावर रेंगाळला की आपण डग्ग्यात थोडं वजन देतो, सम दाखवायच्या आधीची मात्रा जरा दाबतो. क्लिकला ते कसं कळणार? शिवाय अभंग शेवटी गजरात चढतोच. न चढणारा गजर ऐकवत नाही.

---

खर्ज

दोघांचं ऐकून माझं मत मांडतो, आणि त्यावर ठाम आहे.

ख्याल असेल तर क्लिकचा विचारही नको. बडा ख्याल सुरू झाला त्या लयीत संपत नाही, संपूही नये. तिथे गायक आणि तबलजी एका घरात, एका वेळी. दोन खोल्या असतील तर मधलं दार उघडं ठेवा म्हणजे एकमेकांची नजर दिसते.

बीट_नाशिक यांची अडचण मात्र खरी आहे. मंडळी वेगवेगळ्या गावांत असली की टेकू हवाच. तो यंत्राचा नसावा, एवढंच माझं म्हणणं. आधी गाणारा आणि तबलजी यांना एकत्र बसवून तानपुऱ्यावर एक कच्चा ट्रॅक करा. आवाजाचा दर्जा कसाही चालेल, मोबाईलवर केला तरी हरकत नाही. लय आणि भाव मनासारखे आले पाहिजेत. बासरी, व्हायोलिन, टाळ सगळे त्यावर वाजवतील. शेवटी गाणारा आणि तबलजी आपापले पक्के ट्रॅक त्याच कच्च्या ट्रॅकवर देतील. क्लिक हवीच असेल तर रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये लय जागोजागी बदलता येते. कच्च्या ट्रॅकच्या मात्रांवर खुणा करून क्लिकलाच गाण्यामागे चालवा. गजर चढला की क्लिकही चढेल.

तयार लूपवर (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या ठेक्यावर) गाण्याला माझा विरोध आहे. रियाजाला लूप जरूर वापरा, पण जपून ठेवायचं गाणं माणसाच्या ठेक्यावर असावं.

---

बीट_नाशिक

क्लिकला गाण्यामागे चालवायची कल्पना पटली. पुढच्या अभंगाला करून बघतो.

---

एडिसनहून

न्यू जर्सीहून लिहितेय. पुण्याहून मामांनी पेटीचा ट्रॅक पाठवला. ते म्हणतात काळी एक. माझ्याकडे टाकला तर ना पांढरी दोन, ना काळी दोन, मधेच काहीतरी. त्यांनी पेटी तीनदा तपासली. गाणं पाच मिनिटांचं होतं ते इथे साडेचार मिनिटांतच संपतंय.

---

खर्ज

पेटी बरोबर आहे, आणि तुम्ही दिलेल्या वेळेतच उत्तर आहे. मामांनी ४४.१ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं आणि तुमचं सॉफ्टवेअर ती फाइल ४८ ची समजून वाजवतंय. त्यामुळे गाणं जवळपास ९ टक्के पळतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो: काळी एकवरून एक अर्धस्वर चढलं की पांढरी दोन, आणखी एक चढलं की काळी दोन, तुम्ही बरोबर त्यांच्या मधे आहात. पाच मिनिटांचं गाणं ४ मिनिटं ३६ सेकंदांत संपेल, पडताळून पाहा.

सूर खाली ओढण्याचा कुठलाही इफेक्ट लावू नका. तुमचा प्रोजेक्ट आणि इंटरफेस दोन्ही ४४.१ वर आणा किंवा फाइल रीतसर ४८ मध्ये रूपांतरित करून घ्या. पुढच्या वेळी आधीच ठरवा आणि फाइलच्या नावातच लिहा: स्वर, किलोहर्ट्झ, कितवा टेक. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल मागवा. एमपीथ्रीच्या सुरुवातीला किंचित रिकामी जागा येते आणि ट्रॅक सरकतात. सुरुवातीला सगळ्यांनी कच्च्या ट्रॅकबरोबर एक टाळी रेकॉर्ड केली की जुळवणी डोळ्यांनी करता येते.

---

एडिसनहून

४ मिनिटं ३६ सेकंदच होती! आता ४४.१ वर केलंय, बसलं. मामांना फोन करून सांगितलं, ते पेटी उघडून सूर घासायच्या तयारीत होते.

---

पेटीवाली

आधी पेटीवर गाऊन मग तानपुरा चिकटवला की काय होतं, हे वर खर्जदादांनी पेटीवाल्यांवर सोपवलंय ते लिहिते.

पेटी समान अंतरांच्या स्वरांत लावलेली असते, तानपुरा निसर्गाच्या. काळी एकचाच हिशोब घ्या. खर्जाची तार ६९.३ हर्ट्झ, तिचा पाचवा उपस्वर (तारेत आपोआप उमटणारा वरचा स्वर) ३४६.५ हर्ट्झ. हाच आपला स्वयंभू गंधार, शांत खोलीत चांगल्या जवारीवर स्पष्ट ऐकू येतो. पेटीचा गंधार ३४९.२. दोन्ही एकत्र लांबवले की सेकंदाला पावणेतीन डोल ऐकू येतात. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली त्यामागच्या आक्षेपांत हा एक होताच, आणि पेटी वाजवणारी असूनही मला तो आक्षेप समजतो. मी त्यामुळे भूपासारख्या रागात गंधारावर पेटी लांबवत नाही, तिथे गाणाऱ्याला तानपुऱ्यावर सोडते.

रेकॉर्डिंगला हे का सांगायचं? सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. गायिकेने गंधार तानपुऱ्याला तंतोतंत लावलेला असतो आणि सॉफ्टवेअर त्याला "१४ सेंट उतरलेला" (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) म्हणून वर ढकलतं. मींडेच्या पायऱ्या होतात, आंदोलित कोमल गंधार सपाट होतो. बरोबर गाणाऱ्याला बेसूर करणारं हे यंत्र आपल्या गाण्यावर सरसकट लावू नये. एखादी जागा खरंच चुकली असेल तर ती ओळ परत गाऊन घ्या, घरीच तर आहोत.

पेटीचा माईक भात्यापासून लांब, पट्ट्यांच्या बाजूने, दोन फुटांवर, थोडा वरून. पट्ट्यांची टकटक येत असेल तर खालचं नमद्याचं अस्तर झिजलेलं असतं, ते बदलून घ्या.

---

सवडीने

आता प्रश्न. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सतत बारीक "हूं" येतो. पंखा, फ्रिज सगळं बंद केलं तरी. गेल्याच महिन्यात नवीन केबल घेतली.

---

हर्ट्झ५०

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. हूं गेला तर अर्थिंगचा प्रश्न आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचाच तो सूर, १०० आणि १५० लाही येतो. दोन पिनांच्या चार्जरवर आणि अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगवर हे हमखास होतं. इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तो फक्त रेकॉर्डिंगचा नाही, सुरक्षेचाही प्रश्न आहे. पंख्याच्या रेग्युलेटरच्या आणि इन्व्हर्टरच्या जवळून माईकची केबल नेऊ नका.

---

सवडीने

बॅटरीवर पूर्ण गेला. वायरमनला बोलावते.

---

वीणेकरी

आमच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचंय. आठ माणसं, पखवाज, पेटी, वीणा, टाळ. माईक एकच, लॅपटॉप पुतण्याचा. देवळाच्या सभामंडपात. जमेल का? आमच्यातले दोघं आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या चाली राहाव्यात एवढीच इच्छा आहे.

---

खर्ज

काका, नक्की जमेल, आणि हे काम सगळ्यांत आधी करा.

१९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांच्या तबकड्या झाल्या तेव्हा विजेवरचा माईकच नव्हता. एका कर्ण्यासमोर सगळे बसायचे आणि कोण किती जवळ यावरच आवाजांचा तोल ठरायचा. तुम्हीही तेच करायचंय. मिक्सिंग बसण्याच्या जागेत.

माईक साडेचार फूट उंचीवर. चाली सांगणारे दोघे बुजुर्ग माईकपासून तीन फुटांवर, शेजारी शेजारी. पेटी त्यांच्या बाजूला, जरा मागे. वीणा जवळ हवी, तिचा आवाज नाजूक. पखवाज सात-आठ फुटांवर, धुमेची (जाड आवाजाची) बाजू माईककडे नको. टाळकरी बारा फूट मागे. तीन फुटांच्या तुलनेत टाळ १२ डेसिबलने उतरतो आणि तरीही भरपूर ऐकू येतो. सभामंडप घुमत असेल तर जाजम, सतरंज्या, घरोघरच्या गोधड्या खाली अंथरा. पहाटे करा, रस्ता जागा व्हायच्या आत.

पहिला अभंग झाला की लगेच हेडफोनवर ऐका. शब्द कळत नसतील तर गेनला हात न लावता टाळकऱ्यांना दोन हात मागे सरकवा आणि पुन्हा म्हणा. चालींसाठी म्हणून प्रत्येक अभंगाचं ध्रुवपद त्या दोघांकडून नुसत्या वीणेवर, टाळ-पखवाजाशिवाय, वेगळं म्हणून घ्या. यूट्यूबवर चढवायचं असेल तर पूर्ण अभंग उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपास ठेवा, पण मूळ वेव्ह फायली आहेत तशा दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक देवळात आणि एक पुतण्याकडे.

---

वीणेकरी

एकादशीच्या आधी बसतो सगळे. टाळकऱ्यांना आत्ताच सांगून ठेवतो. जागा पंधरा फूट मिळेल, तर टाळ आणखी मागे नेऊ का?

---

डग्गेवाला

नेऊ नका काका. फार लांब गेले की त्यांना गाणं उशिरा ऐकू येतं आणि टाळ मागे पडतो. बारा फूट पुरे. त्याऐवजी त्यांना माईककडे पाठ करून, अर्धवट बाजूला वळून बसवा आणि पखवाजी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवा.